रेड-५ मधल्या दोन डिस्क गेल्या असतील, तर आधी तारखा लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: लग्नसमारंभांचं फोटो-व्हिडिओचं काम करणारा स्टुडिओ. चार कप्प्यांचा नॅस (नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा डबा), प्रत्येकी ४ टीबीच्या चार डिस्क, रेड-५ (सगळ्या डिस्क मिळून एक साठा, त्यातली एक गेली तरी डेटा टिकतो). साधारण तीन आठवड्यांपूर्वी एका डिस्कचा लाल दिवा लागला. नॅस चालत होता, म्हणून कामही चालू राहिलं. नवी डिस्क आणून बसवली, रिबिल्ड (गेलेल्या डिस्कचा भाग नव्या डिस्कवर पुन्हा भरणं) सुरू झालं आणि अर्ध्यावर असताना आणखी एक डिस्क बाहेर पडली. आता ‘व्हॉल्यूम क्रॅश्ड’, म्हणजे डिस्क मिळून बनलेला साठा कोलमडला, असा संदेश येतो आणि एकही फोल्डर दिसत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, चारही डिस्कवर नवा व्हॉल्यूम बनवू आणि मग रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवू. करू का?

नाही. नवा व्हॉल्यूम कुणालाही बनवू देऊ नका. नॅस नेहमीच्या पद्धतीने बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून तुमचे बहुतेक फोटो अजून डिस्कवर जिथल्या तिथे आहेत असं मला वाटतं. पण नवा व्हॉल्यूम बनवला की नॅस प्रत्येक डिस्कवर नवी पार्टिशनं, नवी फाइल सिस्टिम लिहितो आणि लगेच पॅरिटी (हरवलेला डेटा काढून देणारी हिशेबाची नोंद) नव्याने बसवायला घेतो. ते काम रात्रभर मागे चालू राहतं, स्क्रीनवर फक्त टक्के वाढताना दिसतात, आणि तेवढ्या वेळात एक डिस्कभर डेटा पुसला जातो. त्यानंतर कुठलंही सॉफ्टवेअर चालवलं तरी ते उरलेलं वेचण्याचंच काम असतं.

डिस्क बाहेर काढण्याआधी प्रत्येकीवर मार्करने कप्प्याचा क्रमांक लिहा आणि लेबलवरचा सीरियल नंबर वहीत टिपून ठेवा. बोलायला सोपं जावं म्हणून मी त्यांना नावं देतो. तीन आठवड्यांपूर्वी लाल झालेली ती ‘अ’. कधीच तक्रार न केलेल्या दोन ‘ब’ आणि ‘क’. रिबिल्डच्या मध्यात पडलेली ‘ड’. आणि नवी कोरी बसवलेली ‘न’. म्हणजे तुमच्याकडे चार नाही, पाच डिस्क आहेत, आणि पाचही लागणार आहेत. ‘अ’ वॉरंटीत बदलून घेण्यासाठी परत पाठवायची असेल तर थांबा. वॉरंटीत गेलेली डिस्क परत मिळत नाही, आणि ती का हवी ते पुढे सांगतो.

आता हे झालं कसं ते समजून घ्या, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर उभा आहे. रेड-५ मध्ये डेटा पट्ट्यापट्ट्यांनी सगळ्या डिस्कवर पसरतो: तुमच्या चार डिस्कमध्ये प्रत्येक पट्ट्याचे तीन भाग डेटाचे आणि चौथा त्यांच्या पॅरिटीचा, आणि ही पॅरिटी पट्ट्यागणिक वेगळ्या डिस्कवर जाते. पॅरिटी म्हणजे एक्सॉर: दोन बिट सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. दोनच भाग घेऊन बघा: एकात १०११, दुसऱ्यात ०११०, तर पॅरिटी ११०१. दुसरा भाग हरवला तर १०११ आणि ११०१ यांचा पुन्हा एक्सॉर केला की ०११० परत मिळतं. हिशेब इतकाच आहे. एक अज्ञात असेल तर सुटतो, दोन असतील तर सुटत नाही.

‘अ’ गेल्यावर तुम्ही तीन आठवडे एका अज्ञातावर चालत होता. रिबिल्ड करताना नॅसला ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ यांचा एकेक सेक्टर (डिस्कवरचा सर्वांत लहान तुकडा) पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा लागतो. रोजच्या कामात आपण चालू महिन्याचे फोटो उघडतो, चार वर्षांपूर्वीचे उघडत नाही. त्या जुन्या जागेतला एखादा सेक्टर केव्हाच खराब झालेला असतो आणि कुणाला पत्ता नसतो. रिबिल्ड तिथे पोहोचलं की तो पहिल्यांदा उघड होतो. म्हणून ‘रिबिल्डच्या ताणाने डिस्क मेली’ असं जे म्हणतात ते बहुतेक वेळा खरं नसतं. खराबी आधीची असते, रिबिल्ड फक्त तिथपर्यंत जाऊन पोहोचतं.

त्यात आणखी एक गोष्ट. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर लागला की तो वाचायचा प्रयत्न एकदोन मिनिटंसुद्धा करत बसते. नॅसच्या आत असलेल्या लिनक्सचा कर्नल (गाभा) मात्र साधारणपणे ३० सेकंद वाट बघतो आणि मग डिस्क रीसेट करायला घेतो. तरी उत्तर आलं नाही तर डिस्क ॲरेबाहेर, म्हणजे डिस्कच्या संचाबाहेर. नॅससाठी बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करतात आणि ‘हा सेक्टर वाचता आला नाही’ असं सांगतात, त्यामुळे एवढा गोंधळ होत नाही. ४ टीबीच्या डिस्कवर ५१२ बाइटचे सुमारे ७८१ कोटी सेक्टर असतात. त्यातले चार-दोन डझन वाचता आले नाहीत म्हणून अख्खी ‘ड’ निकामी ठरवली गेली असण्याची शक्यता खूप मोठी आहे. तुमच्या बाबतीत मला आशा वाटते ती यामुळेच.

काही जण तुम्हाला सांगतील की साध्या डिस्कची वाचन-चूक १० चा १४ वा घात इतक्या बिटांमागे एक, म्हणजे १२.५ टीबीमागे एक असते, तीन डिस्क मिळून १२ टीबी वाचायचे, म्हणजे रेड-५ चं रिबिल्ड फसणारच. हा आकडा कंपनीने स्वतःवर घालून घेतलेली मर्यादा आहे, डिस्कचा रोजचा स्वभाव नव्हे. चांगल्या डिस्क याहून पुष्कळ बऱ्या वागतात. महिन्याच्या महिन्याला स्क्रबिंग (सगळ्या डिस्क पूर्ण वाचून तपासणं) चालू असलेल्या ॲरेचं रिबिल्ड बिनबोभाट पार पडताना मी नेहमी बघतो. फसतात ते ज्यांचं स्क्रबिंग कधीच झालेलं नाही ते.

आता काम. माझा एकच आग्रह आहे: सॉफ्टवेअर शोधण्याआधी कोणती डिस्क कधी बाहेर पडली याचा क्रम नक्की करा. बाजारातली सगळी साधनं चांगली आहेत, पण त्यांना चुकीच्या चार डिस्क दिल्या तर ती चुकीचाच डेटा जोडून देतील, तोही बिनतक्रार.

पण क्रम बघण्याच्याही आधी प्रत, म्हणजे क्लोन. मूळ डिस्कवर कुठलाही प्रयोग नाही. डिस्क विंडोजच्या पीसीला जोडलीत तर ‘डिस्क इनिशियलाइझ करायची का’ किंवा ‘फॉरमॅट करायची का’ असं विचारणारी खिडकी येते. तिथे कॅन्सल. शक्यतो विंडोजला जोडूच नका, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवा. यूएसबी डॉकपेक्षा मदरबोर्डच्या साटा पोर्टला थेट जोडा. स्वस्त डॉक खराब सेक्टर लागला की अडकून बसतात, आणि काही डॉक सेक्टरचा आकारच वेगळा सांगतात, मग पार्टिशनं सापडत नाहीत.

जोडल्यावर पहिल्यांदा कान द्या. टिक-टिक आवाज येतोय, फिरून पुन्हा थांबतेय, किंवा बायोसमध्ये आकार शून्य दिसतोय, तर ती डिस्क लगेच बंद. ते हेडचं (डिस्क वाचणाऱ्या टोकाचं) काम आहे, क्लीन रूममध्ये दुसऱ्या डिस्कची हेड बसवून होतं, घरी होत नाही. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, बाहेर काढल्यावर आत ओल धरते. सर्किट बोर्ड बदलायचा उपायही जुना झाला. आता त्या बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये त्याच डिस्कची जुळणी साठवलेली असते, ती चिप हलवल्याशिवाय दुसरा बोर्ड चालत नाही.

आवाज ठीक असेल तर स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे घ्या. ५ क्रमांकाचा म्हणजे बदली दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळलेले, १९८ म्हणजे न सुधारलेले. १९९ (डेटा ने-आण करतानाच्या चुका) वाढलेला असेल आणि बाकी शून्य असतील तर दोष केबलचा किंवा कप्प्याच्या कनेक्टरचा समजा. लाइट गेल्या-आल्यावर दोन-तीन डिस्क एकाच क्षणी पडल्या असतील तर तिथे तर मी डिस्ककडे बघतही नाही, आधी पॉवर सप्लाय बघतो. तुमच्याकडे तीन आठवड्यांचं अंतर आहे, म्हणून तुमचं प्रकरण ते नाही.

क्लोन करायला जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. साधा कॉपी प्रोग्राम पहिल्या खराब सेक्टरला मान टाकतो. डीडीरेस्क्यू खराब जागा ओलांडून पुढे जातो, चांगला भाग आधी उचलतो आणि काय राहिलं त्याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतो. ती मॅप फाइल जपा. मध्येच लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं, आणि कुठले सेक्टर मिळाले नाहीत याची यादी तीच असते. पहिल्या फेरीत खराब जागा खरवडू नका, तो पर्याय बंद ठेवा. आजारी डिस्क जितका वेळ चालेल तितक्या वेळात जास्तीत जास्त चांगला भाग हाती यायला हवा. मग दुसऱ्या फेरीत हट्ट धरा, एखादी फेरी उलट्या दिशेनेही करा. आणि एंटर मारण्याआधी कुठली डिस्क मूळ आणि कुठली रिकामी ते सीरियल नंबरवरून दोनदा बघा. आज्ञेत दोन नावांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क मूळ डिस्कवर लिहिली जाते.

धडधाकट ४ टीबी डिस्कला सात-आठ तास लागतात. ‘ड’ला दोन-तीन दिवसही लागू शकतात. लागू द्या. तिच्यावर पंखा सोडून ठेवा. क्लोनसाठी आणि नंतर फोटो उतरवायला अशी बरीच मोकळी जागा लागेल. डिस्क विकत घ्यावी लागेल, आणि तिथे काटकसर करू नका असं मी मनापासून सांगेन. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुन्या डिस्क स्वस्तात मिळतात, पण या कामाला नवीच घ्या.

आता क्रम. सायनॉलॉजी, क्यूनॅप अशा बहुतेक नॅसमध्ये आत लिनक्स असतं आणि रेड म्हणजे लिनक्सचंच एमडी, त्यातली रेड चालवणारी सोय. पहिल्या छोट्या पार्टिशनवर नॅसची स्वतःची सिस्टिम असते, ती सगळ्या डिस्कवर सारखी. आपल्याला हवं ते मोठं, डेटाचं पार्टिशन. प्रत्येक क्लोनच्या त्या पार्टिशनवर एमडीॲडम या एमडीच्या आज्ञेचा एक्झामिन पर्याय चालवा. तो फक्त वाचतो, काही लिहीत नाही. जे छापून येईल ते पाचही डिस्कचं वेगवेगळं जपून ठेवा. त्यात तीन ओळी महत्त्वाच्या: अपडेट टाइम, इव्हेंट्स आणि डिव्हाइस रोल (ॲरेमधली त्या डिस्कची जागा).

इव्हेंट्स हा ॲरेचा मोजणीचा आकडा. ॲरेच्या स्थितीत काही बदल झाला की हजर असलेल्या सगळ्या डिस्कवर तो एकदमच वाढतो. बाहेर पडलेल्या डिस्कवर तो जिथे होता तिथेच गोठतो. समजा ‘ब’ आणि ‘क’ वर ४८२१३ आहे, ‘ड’ वर ४८२०९ आणि ‘अ’ वर ३१८७७. मग गोष्ट स्पष्ट आहे. ‘ड’ शेवटच्या क्षणी पडली, तिच्यात आणि बाकीच्यांत जवळजवळ फरक नाही. ‘अ’ खूप आधी गेली. अपडेट टाइममध्ये तारखाही दिसतील, त्या तुमच्या आठवणीतल्या दिवसांशी ताडून बघा. ‘न’चा आकडा नवा दिसेल, पण ती अर्धवट भरलेली आहे. तिच्यावर रिकव्हरी ऑफसेट शिल्लक असेल तर रिबिल्ड कुठपर्यंत आलं होतं तेही कळेल.

म्हणजे जोडायच्या त्या ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’. चौथी जागा रिकामी. हाच या सगळ्यातला निर्णायक भाग आहे आणि इथेच सर्वांत जास्त चूक होते. दुकानात ‘ड’ अगदीच आजारी दिसते, ‘अ’ मात्र थंड झाल्यावर नीट चालू झालेली असते. म्हणून ‘अ’, ‘ब’, ‘क’ जोडतात. जोडणी होतेही, फोल्डरही दिसतात. पण ‘अ’ वर तीन आठवड्यांपूर्वीचा डेटा आहे आणि बाकी दोघींवर कालचा. पट्ट्यांमधले तुकडे वेगवेगळ्या दिवसांचे. मग फाइल सिस्टिम ‘दुरुस्त’ करायला फाइल सिस्टिम चेक चालवतात, आणि तो विसंगत वाटणाऱ्या नोंदी पुसत सुटतो. अशी ॲरे माझ्यापर्यंत आली की फार थोडं करता येतं, आणि समोरच्या माणसाला ते सांगणं जड जातं.

जोडणी थेट क्लोनवरही करू नका. डिव्हाइस मॅपरचा स्नॅपशॉट वापरून प्रत्येक क्लोनवर एक आवरण घाला. लिहिलं जाणारं सगळं एका वेगळ्या फाइलमध्ये जातं, क्लोन तसाच राहतो. प्रयोग फसला तर ती फाइल पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून. यामुळे क्लोनवर घालवलेले दिवस वाया जात नाहीत. त्या आवरणांवर ‘ब’, ‘क’, ‘ड’ यांना एमडीॲडमने असेंबल, फोर्स आणि रीडओन्ली अशा पर्यायांसह उभं करा. इव्हेंट्समधला चार-पाचचा फरक फोर्स समजून घेतो. रीडओन्लीमुळे उभारणीच अडली तर तो पर्याय काढा, आवरण आहेच.

एमडीॲडमचा क्रिएट (नवी ॲरे बनवा) पर्याय मात्र नाही. इंटरनेटवर जिथे तिथे क्रिएट आणि अझ्यूम-क्लीन (पॅरिटी बरोबरच आहे असं धरा) अशी जोडगोळी सुचवलेली दिसते. क्रिएट जुनी नोंद पुसून नवी लिहितं. तुमचा नॅस जुन्या आवृत्तीने बनलेला, पेनड्राइव्हवरचं लिनक्स नवं, त्यामुळे डेटा कुठून सुरू होतो तो ऑफसेट आणि चंकचा (एका डिस्कवर सलग जाणाऱ्या तुकड्याचा) आकार बदलू शकतो. मग डेटा असून सापडत नाही. आणि अझ्यूम-क्लीन लिहायचं राहिलं तर त्याहून वाईट: रेड-५ नव्याने बनवताना एमडीॲडम शेवटची डिस्क सुटी धरून तिच्यावर लगेच रिबिल्ड सुरू करतो. सगळ्या डिस्कवरच्या नोंदीच उडाल्या असतील तेव्हा क्रिएटची वेळ येते, तीसुद्धा आवरणावर आणि जुन्या एक्झामिनचा कागद समोर ठेवून.

ॲरे उभी राहिली की मध्ये बहुधा एलव्हीएमचा (लिनक्समधली व्हॉल्यूम सांभाळणारी सोय) थर असेल, तो सक्रिय करा. मग फाइल सिस्टिम फक्त वाचण्यासाठी माउंट करा. ईएक्सटी४ असेल तर जर्नल (अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद) न चालवता, म्हणजे नोलोड. एक्सएफएस असेल तर नोरिकव्हरी. बीटीआरएफएस माउंट होत नसेल तर तिचं स्वतःचं रिस्टोर साधन माउंट न करताही फाइली बाहेर काढतं. आज्ञा टंकायची सवय नसेल तर आर-स्टुडिओ किंवा यूएफएस एक्सप्लोरर हेच काम खिडक्यांमधून करतात. त्यांनाही मूळ डिस्क नको, क्लोनच द्या, आणि ‘अ’ व ‘न’ यादीतून स्वतः वगळा.

फोल्डर दिसले म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. मोठ्या फाइली उघडून बघा. चंक ६४ केबीचा असेल तर ६० केबीची फाइल एकाच डिस्कवर मावते, क्रम चुकलेला असला तरी ती नीट उघडू शकते. २५ एमबीचा एक रॉ फोटो मात्र सुमारे १३० पट्ट्यांवर पसरतो. त्यात काही चुकलं असेल तर ते लपत नाही: वरची एक पट्टी स्वच्छ, नवरीच्या कपाळापर्यंत चेहरा नीट, आणि खाली करडा किंवा जांभळट चिखल. रॉ फाइलची लहान प्रतिमा बघून समाधान मानू नका. ती फाइलच्या आतच वेगळी साठवलेली असते आणि मूळ फोटो फुटला असला तरी नीट दिसते. जुन्या तारखांचे दहा-वीस, शेवटच्या तीन आठवड्यांतले दहा-वीस आणि दोन-चार मोठे व्हिडिओ पूर्ण उघडून बघा. सगळं ठीक असेल तर सर्वांत आधी ज्यांचे अल्बम अजून द्यायचे आहेत त्यांचे फोटो उतरवा, बाकी नंतर.

आता ‘अ’ का जपायची ते. ‘ड’चे काही सेक्टर डीडीरेस्क्यूलाही मिळाले नाहीत असं धरा. त्या पट्ट्यांत दोन अज्ञात झाली. पण ‘अ’ जुनी आहे म्हणजे ती सगळीकडे जुनी नाही. ज्या पट्ट्यांवर गेल्या तीन आठवड्यांत काही लिहिलंच गेलं नाही, तिथे ‘अ’ अजूनही अचूक आहे. तुमच्या डिस्कचा बहुतांश भाग तसाच आहे, मागच्या वर्षीच्या लग्नाचे फोटो कुणी पुन्हा लिहीत नाही. मॅप फाइलमधल्या त्या नेमक्या जागांपुरता ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ यांचा एक्सॉर काढला की ‘ड’चे हरवलेले सेक्टर परत मिळतात. रिबिल्ड जिथवर पोहोचलं होतं तिथवर ‘न’सुद्धा साक्षीला आहे. संपूर्ण डिस्क म्हणून ‘अ’ घातक आहे, पण मोजक्या सेक्टरांपुरती ती सोन्यासारखी आहे. हे काम हाताने करावं लागतं, वेळ जातो, आणि ग्राहकाच्या डोळ्यांत आनंदाने पाणी यावं असे निकाल त्यातून मिळतात.

तरीही काही जागा उरल्याच तर त्या कुठल्या फाइलींत पडल्या ते शोधता येतं. डीडीरेस्क्यूच्या फिल मोडने क्लोनवरच्या फक्त त्या न मिळालेल्या जागांत एक ठरावीक खूण भरा आणि उतरवलेल्या फाइलींमध्ये ती खूण शोधा. खराब जागा ‘ड’च्या पॅरिटीवर पडली असेल तर खूण तशीच्या तशी दिसत नाही, त्यामुळे ही यादी पूर्ण समजू नका. पण कुणाच्या अल्बमवर बारीक नजर टाकायची ते कळतं.

‘ड’ टिकटिकत असेल, किंवा हे सगळं तुमच्या आवाक्याबाहेरचं वाटत असेल, तर लॅबकडे द्या. त्यात कमीपणा नाही. देताना तीन गोष्टी विचारा: मूळ डिस्कवर काही लिहिणार का, पाचही डिस्कचे क्लोन करणार का, आणि पैसे देण्याआधी उघडणाऱ्या फाइलींची यादी दाखवणार का. ‘अ’ आणि ‘न’ नको म्हणणारी लॅब मी टाळेन. पाचही डिस्क स्वतंत्र फोममध्ये बांधा आणि बरोबर तारखांचा कागद द्या: कुठली कधी लाल झाली, रिबिल्ड कधी सुरू झालं, किती टक्क्यांवर थांबलं, त्यानंतर नॅस किती वेळा चालू केला.

स्टुडिओ पुन्हा उभा करताना रेड-६ (दोन डिस्क गेल्या तरी टिकणारं) घ्या, महिन्याला स्क्रबिंग लावा, बिघाडाचा ईमेल कुणीतरी वाचतो अशा पत्त्यावर जाऊ द्या, आणि नॅसबाहेर एक प्रत ठेवा. त्यावर सविस्तर बोलू, पण ते नंतर. आत्ता मला पुढचं ठरवायला एवढं लागेल: पाचही डिस्कचे स्मार्टचे आकडे, क्लोनवरून घेतलेलं एक्झामिन, नॅसचं मॉडेल, आणि दुरुस्तीवाल्याने आतापर्यंत नेमकं काय काय केलं त्याची त्याच्याकडूनच लिहून घेतलेली यादी. ‘ड’चा क्लोन आधी सुरू करा. ‘ब’ आणि ‘क’ थांबू शकतात, ती थांबणार नाही.